हद्दीबाहेरची मुलं

केसलर, वेस्ट व्हर्जिनिया
२८ एप्रिल १९५७

प्रिय हॉबर्ट,

तुझ्या पत्रात तिथल्या जेवणावर पानभर मजकूर आहे आणि खोकल्यावर एक ओळही नाही, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. डॉक्टर काय म्हणाले ते सरळ लिही. मी तुझी धाकटी बहीण असले तरी बेचाळीस वर्षांची बाई आहे, आणि खाणीच्या धुळीनं छाती भरलेली माणसं आपल्याच घरात पाहिलीत.

दुकान ठीक चाललंय. तुझा मदतनीस क्लोव्हिस गल्ल्यावर बसतो, खिळे तोलतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तुझी तब्येत रंगवून सांगतो. तू गेलास की काय असं वाटून दोन बायका सांत्वनाला केक घेऊन आल्या होत्या. केक मी ठेवून घेतले.

आता कामाचं. परवा चर्चच्या तळघरात तलाव समितीची बैठक झाली. यंदा तलाव उघडण्याआधी एकच गोष्ट ठरवायची होती: गावाच्या हद्दीबाहेरच्यांना पोहायला आत घ्यायचं का, आणि घेतलं तर काय फी लावून. दोन मतं इकडे पडली, दोन तिकडे. पाचवं तुझं. आजारी असलास तरी अध्यक्ष तूच आहेस, म्हणून तुझं मत टपालानं मागवायचं ठरलं. औषधवाला रॅट्लिफ तुला लिहीलच. त्याचं म्हणणं, तलाव गावाचा, गावाच्या करावर चालतो, उद्या सगळी दरी येऊन त्यात डुंबायला लागली तर आपल्या पोरांनी कुठे जायचं. मी विचारलं, सगळी दरी म्हणजे कोण? तर म्हणे, "हद्दीबाहेरचे."

हद्दीबाहेर म्हणजे ओढ्यापलीकडचं मड फोर्क, दुसरं आहे काय तिथे? काळी माणसं जास्त, चार हंगेरियन घरं, आणि काही आपल्यासारखीच गोरी, फक्त आपल्यापेक्षा गरीब. समितीत रंगाचं नाव कोणी घेत नाही, बरं का. हद्दीचं घेतात. काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत हा कोर्टाचा निकाल लागल्यापासून सगळे फार सभ्य बोलायला लागलेत.

तलाव खणला त्या वर्षी खाण बंद होती आणि मड फोर्कची माणसं स्वतःची फावडी घेऊन आली होती. खोल बाजूचं काँक्रीट गस टॉलिव्हरनं ओतलंय, तू शेजारी उभा होतास. त्याची थोरली झेल्मा आता अकरा वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात मी आत मुलांना शिकवत असायचे आणि ती जाळीबाहेर उभी असायची. मी "हात लांब" म्हटलं की ती बाहेर कोरड्यात हात लांब करायची. हे पाहून मला रोज लाज वाटली, पण मी काही केलं नाही.

तुझं मत "हो" पाठव. आणि फी सगळ्यांना एकच.

तुझी,
डेल्फा


सॅनेटोरियम
९ मे १९५७

प्रिय डेल,

डॉक्टर म्हणाले, उजवं फुप्फुस थकलंय, डावं त्याचं काम करतंय. दुकानासारखंच झालं म्हणायचं. एक झोपतो, दुसरा खपतो. ऑगस्टपर्यंत घरी सोडतील.

रॅट्लिफचं पत्र आलं. चार पानं, अक्षर औषधाच्या चिठ्ठीसारखं. तो मूर्ख आहे, पण सगळंच खोटं बोलत नाही. तलावाच्या पंपाचं बिल कोण भरतं ते मला माहीत आहे, कारण सहा वर्षं त्यावर सही मी केली. तुझं पत्रही मी तीनदा वाचलं. गसचं काँक्रीट मला आठवतं. तो हातोडीच्या तालावर गायचा आणि मधेच थांबून शिव्या द्यायचा.

बरेच दिवस विचार केला. इथे दुसरं काम नसतं. काल समितीला कळवलं: मड फोर्कच्या लोकांना आत घ्यावं. हे माझं मत आहे आणि ते फिरणार नाही. आता तरी मला शांत झोपू दे. बाकी तपशील बैठकीत वाचून दाखवतील.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा वेल्शमन आहे. दिवसभर प्रार्थना करतो आणि पत्त्यांत फसवतो. तुझ्या हातचा मक्याचा ब्रेड आणि ताक आठवतं. इथला ब्रेड म्हणजे कापूस.

तुझा,
हॉबर्ट


केसलर
२७ मे १९५७

प्रिय हॉबर्ट,

तपशील वाचून दाखवले.

गावातल्या कुटुंबाला पूर्ण उन्हाळ्याचे पाच डॉलर. हद्दीबाहेरच्या कुटुंबाला पंधरा. गावातल्या मुलाला रोजचं तिकीट मिळेल, हद्दीबाहेरच्याला नाही. त्यानं सगळा पास घ्यायचा, तोही पहिल्या दिवशी, रोख. हे तुझ्या अक्षरात होतं. रॅट्लिफनं कागद हातात फिरवला तेव्हा तो हसत होता, आणि सगळ्यांचं एकमत झालं. "हो" म्हणून वर अशी सोय करून देणारा अध्यक्ष मिळायला नशीब लागतं, असंही कोणी म्हणालं.

काल तलाव उघडला. तिकिटाच्या खिडकीत मी बसले होते. साडेदहाच्या सुमाराला ओडेसा टॉलिव्हर आली, गसची बायको. चर्चला जातानाची चांगली टोपी घालून आली होती. झेल्माच्या हातात टॉवेल होता, मागे धाकटी लुएला. आपल्या गावात निम्म्या घरांतल्या चादरींना इस्त्री ती करते, तुझे शर्टही तीच करायची. पर्समधून तिनं पाच डॉलर काढून खिडकीत ठेवले. कुणीतरी तिला सांगितलं होतं की हॉबर्टसाहेबांनी मड फोर्कसाठी "हो" म्हटलंय.

मी तिला खरा आकडा सांगितला. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितला. मागे रांग होती, सगळे चपलांकडे बघत होते.

ती म्हणाली, "मिस डेल्फा, आम्ही नकोय तर तसं म्हणा. ते मला समजतं. असा आकडा लावला की घरी जाऊन पोरीला काय सांगायचं? आईकडे पैसे नाहीत असं सांगायचं, का?"

मी म्हटलं, उरलेले मी भरते. मूर्खपणा झाला. तिनं आपले पाच उचलले, नीट घडी केली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या पोरीला दान दिलेलं मी गसला कसं सांगू?" झेल्मानं टॉवेल आईच्या पिशवीत घातला आणि पिशवी स्वतः उचलली.

मड फोर्कमध्ये एकही पास गेला नाही. तुझ्या मतामुळे समितीला आता म्हणता येतं की दार उघडं आहे, तेच येत नाहीत.

डेल्फा


सॅनेटोरियम
६ जून १९५७

प्रिय डेल,

तुझ्या पत्राच्या खाली "तुझी"सुद्धा नव्हतं. ते लक्षात आलं.

मी दुकानदार आहे. गावातला माणूस वर्षभर कर भरतो आणि वर पाच डॉलर देतो. बाहेरचा कर भरत नाही, म्हणून तो जास्त देतो. यात मड फोर्कचा अपमान कुठे आला? चार्ल्स्टनहून गोरा माणूस आला तरी त्याला तीच फी. आणि मी नुसतं "हो" पाठवलं असतं ना, तर रॅट्लिफनं गाव पेटवलं असतं. पहिल्या वर्षी पंधरा, पुढच्या वर्षी दहा, मग पाच. एकेक पायरी. तुला सगळं एकदम हवं असतं, लहानपणापासून.

ओडेसाबद्दल वाईट वाटलं. पण तिच्यावर दार मी लावलं नाही.

रागावू नकोस. रागावून पत्र बंद केलंस तर इथे माझ्याशी बोलायला फक्त तो वेल्शमन उरतो.

तुझा,
हॉबर्ट


केसलर
३० जून १९५७

प्रिय हॉबर्ट,

पत्र बंद केलेलं नाही, वेळ झाला नाही. फीबद्दल आता काही लिहीत नाही. माझं म्हणणं तुला कळलंय, तुझं मला.

उकाडा फार आहे. सकाळी तलावावर शिकवते, दुपारी दुकानात डोकावते. संध्याकाळी फिरायला जाते, डोंगराच्या बाजूला. प्रकृतीला बरं वाटतं. टोमॅटो लागलेत. परसातल्या कुंपणाची एक बाजू पडली, क्लोव्हिसनं उभी केली, पुन्हा पडली.

तुझ्या डाव्या फुप्फुसाबद्दल लिही. जेवणाबद्दल नको.

तुझी,
डेल्फा


सॅनेटोरियम
११ जुलै १९५७

प्रिय डेल,

क्लोव्हिसनं लिहिलंय की तू रोज संध्याकाळी मोटार घेऊन जातेस आणि केस ओले करून परत येतेस. फिरायला गेलेल्या माणसाचे केस ओले होत नाहीत. कोण आहे तो? ओढ्याकाठी राहणारा विधुर सुतार असेल तर माझी हरकत नाही. दात बरे नाहीत त्याचे, पण हात चांगला आहे. या वयात लपवायचं काय, आणि माझ्यापासून तर मुळीच नको.

आता एक मागणं. एकवीस तारखेच्या रविवारी ये. डॉक्टरला घरच्या कुणाशी तरी बोलायचंय. मला तो काही सांगत नाही, म्हणजे सांगतो, पण मान दुसरीकडे वळवून सांगतो. मला वाटतं ऑगस्टचं काही खरं नाही. मी सहसा काही मागत नाही. ये. येताना पीच आण. इथे डब्यातले देतात.

तुझा,
हॉबर्ट


केसलर
३१ जुलै १९५७

प्रिय हॉबर्ट,

हे तुला वर्तमानपत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं अशी इच्छा होती, पण लिहायला बसले की उठत होते. कदाचित तू वाचलंही असशील.

सुतार वगैरे कोणी नव्हता. मी मड फोर्कच्या मुलांना पोहायला शिकवत होते. निळ्या खड्ड्यात.

तुला तो माहीत आहे. कंपनीनं डोंगर सोलून कोळसा काढला आणि खड्डा तसाच सोडला, तो पावसानं भरलाय. एका बाजूला खडकाची पसरट पायरी आहे, तिच्यावर मुलांच्या कमरेइतकं पाणी. पायरी संपली की सरळ कडा, तळ कुणाला माहीत नाही. वरचं पाणी कोमट आणि हातभर खाली बर्फ. मी पायरीच्या कडेनं दोरी बांधली होती, तिला लाकडाचे ठोकळे लावले होते. दोरीपलीकडे जायचं नाही, आणि माझ्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हे रोज सगळ्यांकडून वदवून घ्यायचे. नऊ-दहा मुलं यायची. काही आयांना माहीत होतं. ओडेसाला माहीत होतं. ती पहिल्या दिवशी स्वतः आली, खडकावर उभी राहून सगळं पाहिलं आणि म्हणाली, "हे पाणी मला आवडत नाही, मिस डेल्फा. पण तुम्ही आहात ना इथे." मी म्हटलं, आहे.

झेल्मा दोन आठवड्यांत पोहायला लागली. हॉबर्ट, वीस वर्षं शिकवते आहे, पाण्याशी अशी ओळख असलेलं मूल मी पाहिलं नव्हतं. मी धाकट्यांना शिकवत असले की तीही माझ्यासारखा आवाज काढून त्यांना ओरडायची, "गुडघे वाकवू नकोस, तू काय सायकल चालवतोयस?"

त्या दिवशी मी तिथे नव्हते. ऊन फार होतं, मुलं चर्चमधून सुटली आणि थेट खड्ड्यावर गेली. धाकटी लुएला दोरीखालून पलीकडे गेली. तिला पोहता येत नव्हतं. झेल्मानं उडी मारली, तिला मागे ढकलून पायरीवर आणलं, मोठ्या मुलांनी ओढून घेतलं. झेल्मा स्वतः वर आली नाही. थंडीनं पाय आखडले असतील असं शेरिफ म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाण्यात लोखंडी आकडे टाकून तिला बाहेर काढलं.

एक गोष्ट लिहून ठेवते. माझ्याआधी ती मुलं त्या पाण्याच्या जवळ जात नव्हती. त्यांच्या आयांनी त्यांना लहानपणापासून त्या खड्ड्याची भीती घातली होती, आणि ती भीती चांगली होती. ती मी काढली.

दफनाला गेले. मागे उभी राहिले. गस माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही आता जा, मिस डेल्फा. ओडेसा वळून बघेल." मी गेले.

डेल्फा


सॅनेटोरियम
८ ऑगस्ट १९५७

प्रिय डेल,

वर्तमानपत्र इथे उशिरा येतं, पण येतं. तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी वाचलं होतं. त्यात तारीख होती. रविवार, एकवीस जुलै.

तू लिहिलंस, त्या दिवशी मी तिथे नव्हते. कुठे होतीस ते लिहिलं नाहीस. तू माझ्या खाटेशेजारी बसून पीच सोलत होतीस. मी तुला सुतारावरून चिडवत होतो आणि तू हसत होतीस, आणि उशिरा निघ म्हणून मीच तुला थांबवलं.

ते तू गाळलंस. मला वाचवायला गाळलंस. पुन्हा असं करू नकोस. माझं फुप्फुस गेलंय, डोकं नाही.

पंधरा डॉलर मी लिहिले. बसून, विचार करून लिहिले, आणि लिहून झाल्यावर स्वतःवर खूश होतो. मला वाटलं सगळ्यांचं थोडंथोडं मन राखलं गेलं. मुलीला पोहायचं होतं, तिला पोहायला जागा हवी होती, आणि चांगली जागा माझ्या सहीच्या मागे होती. यापुढे मी त्याला कर म्हणणार नाही आणि पायरीही म्हणणार नाही.

डॉक्टर तुझ्याशी काय बोलले ते तू मला सांगितलं नाहीस. विचारत नाही.

समितीला आज लिहिलं. फी सगळ्यांना एकच, रोजचं तिकीट सगळ्यांना, नाहीतर माझा राजीनामा, आणि राजीनाम्याचं कारण चार्ल्स्टनच्या वर्तमानपत्राला. हे ते ऐकतील. ते वाईट नाहीत, घाबरट आहेत. मीही तसाच होतो.

हात दुखतो. पुरे.

तुझा,
हॉबर्ट


केसलर
२० एप्रिल १९५८

प्रिय हॉबर्ट,

परवाचं पत्र नर्सच्या अक्षरात होतं. मजकूर तुझाच होता, कारण तिच्याबद्दल वाईट लिहिलं होतंस आणि तिनं ते तसंच उतरवलं होतं. बाई चांगली दिसते.

समितीचा अखेर निर्णय झाला. फी सगळ्यांना एकच. हिवाळाभर टाळत राहिले, पण तुझं पत्र रॅट्लिफच्या टेबलावर होतं आणि तो वर्तमानपत्राला तुझ्यापेक्षा जास्त घाबरतो. एक मत विरुद्ध गेलं. ते रॅट्लिफचं नव्हतं. त्यानं "हो" म्हटलं आणि नंतर बाहेर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "डेल्फा, त्या मुलांना पाण्याची चव लावायलाच नको होती, हे माझं मत अजून तेच आहे." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तेच वाक्य मी स्वतःला रोज म्हणते.

मुलांना आता शिकवणार नाही असं मी समितीला कळवलं. खिडकीत बसेन, तेवढंच. कुणाला पटलं नाही, पण कुणी आग्रहही केला नाही.

हिवाळ्यात मी दोनदा टॉलिव्हरांकडे गेले. तुला लिहिलं नव्हतं. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा ओडेसा बाहेर ओट्यावर आली, हातात इस्त्रीचं कापड होतं. मी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, "तू मला काय सांगणार आहेस? तुला वाईट वाटतं? वाट दे." मी बाजूला झाले, ती कपड्यांची टोपली घेऊन माझ्या समोरून गेली. आजवर ती मला "मिस" आणि "तुम्ही" म्हणत आली. त्या दिवसापासून "तू" म्हणते. बरोबर आहे. ते फार आधी व्हायला हवं होतं, आणि असं नाही.

ती आता केसलरमधल्या कुणाचेच कपडे घेत नाही. रेल्वेच्या वसतिगृहाचं काम धरलंय. लुएला अंघोळीला बसली की किंचाळते, शेजारणीनं सांगितलं. तोंडावर पाणी घेऊ देत नाही.

तुझी,
डेल्फा


सॅनेटोरियम
४ मे १९५८

प्रिय डेल,

हे नर्स लिहिते आहे, मी बोलतोय. थांबत थांबत.

शिकवणं सोडू नकोस. मी असा हुकूम देणारा कोण, ठाऊक आहे. पण तू शिकवणं सोडलंस तर ते कुणाच्या कामी येणार? झेल्माच्या नाही.

तलाव उघडला की कोण कोण आलं ते लिही. मड फोर्कमधून किती आले ते आधी लिही.

हॉबर्ट


केसलर
२९ जून १९५८

प्रिय हॉबर्ट,

नर्सला म्हणावं, हे सावकाश वाच. आणि तू मधे बोलू नकोस.

तू विचारलंस ते आधी. मड फोर्कमधून कुणी आलं नाही. फाटक उघडं, खिडकीवर नवा फलक, सगळ्यांना एकच फी. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक सावलीकडे मान वर करून पाहत होते. ओढ्यापलीकडून एक मूल आलं नाही. मुलं पुलापर्यंत येतात, तिथे बसतात, परत जातात. आयांनी सांगून ठेवलंय, त्या गावाच्या पाण्यात पाय घालायचा नाही.

गावातलेही निम्मे आले नाहीत. ते येणार म्हणून हे गेले, आणि ते आलेच नाहीत. पहिल्या रविवारी सकाळी कुणीतरी भट्टीतली राख पोतंभर तलावात ओतलेली सापडली. पाणी काढून भिंती घासाव्या लागल्या. मी आणि क्लोव्हिसनं घासल्या, आणि तुला पटणार नाही, रॅट्लिफ आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, दुपारपर्यंत घासत होता. समितीत आता बोलतात की एवढ्या थोड्या माणसांसाठी पंप चालवणं परवडत नाही, पुढच्या वर्षी माती भरून टाकू, वर बाकं ठेवू. बहुतेक तसंच होईल. गाव सगळ्यांना घेण्यापेक्षा कुणालाच घेणार नाही.

हे वाईट आहे, पण तुला खरं लिहायचं ठरलंय.

आता कालचं.

दुपारी चारच्या पुढे तलावात कोणी नव्हतं. मी खिडकीत होते. ओडेसा टॉलिव्हर रस्त्यानं आली, लुएलाचा हात धरून. लुएला सात वर्षांची झालीय आणि वयाच्या मानानं लहान दिसते. ओडेसानं खिडकीत नाणं ठेवलं. मी तिकीट फाडून दिलं. तिनं ते वाचलं, दोन्ही बाजूंनी.

मग म्हणाली, "हिला शिकव."

मी म्हटलं, मी आता शिकवत नाही.

"मला माहीत आहे तू काय करत नाहीस," ती म्हणाली. "नीट ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. करणारही नाही. रात्री झोपताना तुझं नाव घेते आणि काय म्हणते ते देवाला माहीत. मड फोर्कच्या बायका म्हणतात, ओडेसा, तुला वेड लागलंय, तिथे काय म्हणून जातेस. पण ही पाण्याजवळ गेली की दगड होते. दरीत राहतो आम्ही. ओढा आहे, तो खड्डा आहे, दर वसंतात पूर आहे. दुसरीही पाण्याला द्यायची नाही मला. आणि थोरलीला कसं येत होतं ते मी पाहिलंय. ते तूच शिकवलं होतंस."

मी खिडकी बंद केली.

उथळ बाजूला उतरायला अर्धा तास गेला. लुएला पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि हलेना. मी खाली पाण्यात बसून राहिले. ओडेसा बाकावर बसली होती, पाठ ताठ, पर्स मांडीवर. ती मुलीकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. शेवटी लुएलानं मला विचारलं, "इथे तळ आहे?" मी पाय आपटून दाखवला. तिनंही एक पाय आपटला. मग दुसरा. मी म्हटलं, हा तळ तुझ्या बाबांनी केलाय. तिला ते खोटं वाटलं. तिनं आईकडे पाहिलं. ओडेसानं मान हलवली, खरं आहे म्हणून.

मग ती आली. मी तिला पाठीवर आडवी केली, एक हात मानेखाली, एक कमरेखाली. अंग लाकडासारखं होतं, डोळे घट्ट मिटलेले. श्वास इतका भरभर की तुझी आठवण झाली. मी म्हटलं, मी आहे. आणि म्हटल्याबरोबर कळलं, हेच मी तिच्या आईला त्या खडकावर म्हटलं होतं. ओडेसानं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

हळूहळू अंग सैल झालं. कान पाण्यात गेले तरी ती किंचाळली नाही. एक डोळा उघडून आकाशाकडे पाहिलं. माझ्या हातांवर आता तिचं काही वजन नव्हतं, पाण्यानंच तिला धरलं होतं. हे मला कळत होतं. वीस वर्षांत हजार मुलांना मी अशा वेळी सोडलंय. काल माझे हात निघेनात. मी तशीच उभी राहिले, पाय गारठले, तरी निघेनात.

ओडेसा बाकावरून उठून काठाशी आली. बूट पाण्याला लागेपर्यंत.

"सोड आता," ती म्हणाली.

मी सोडलं.

डेल्फा